नाव कोणी सांगितलं

अगं, तो फ्लॅश बंद कर आधी. पिल्लाच्या डोळ्यांत असा झगमगाट टाकलास तर ते तुझ्याकडे बघेल का? बघ, कसं कोपऱ्यात तोंड खुपसून बसलंय. आणि तू उभी राहून वरून काढतेस. त्याला वाटत असेल, झाडच अंगावर पडतंय. खाली बस. पालथी पड हवं तर. कपडे मळतील, मळू देत, धुता येतात. जनावराच्या डोळ्यांच्या उंचीला गेल्याशिवाय त्याचा चेहरा मिळत नाही, नुसती पाठ मिळते.

आणि सारखी हाक मारत सुटू नकोस. हाक सगळ्यात शेवटी. उजेड बरोबर पडला, मागचा पसारा हलवला, बोट बटणावर आलं, की मग एकदाच नाव घ्यायचं. कान उभे राहतात, मान जराशी कलते, डोळ्यांत जीव येतो. तेवढाच क्षण. दहा वेळा हाक मारलीस तर अकराव्या वेळी ते ढुंकूनही बघणार नाही. तुझी आई तुला अभ्यासाला हाक मारते तेव्हा तू बघतेस का?

नाही, मी कुठला फोटोग्राफर. मी फ्रेमवाला. सत्तावीस वर्षं लोकांची लग्नं आणि लोकांचे म्हातारे काचेखाली बसवले, एवढीच माझी विद्या. हे मला शिकवलं माझ्या शेजारच्या स्टुडिओवाल्याने. आणि त्याला जे कळलं ते... बरं, सांगतो, सगळेच बसा जवळ. सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण पिल्लू बघितलं आणि आठवलं. पण रात्री पाणी प्यायला एकटं जायची भीती वाटते म्हणून मामाला उठवायचं नाही. आधीच सांगून ठेवतो.

त्याचं खरं नाव गल्लीत फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. सगळे त्याला हलूनका म्हणायचे. पासपोर्टचे फोटो काढताना तीस वर्षं एकच वाक्य म्हणत आला ना तो, हलू नका. त्याची बायको सांगायची, चहाचा कप पुढे केला तरी याच्या तोंडून तेच निघतं. मग सगळ्यांच्या खिशात फोन आले आणि हलूनका स्टुडिओत माश्या मारत बसू लागला.

अशात एके दिवशी त्याच्याकडे सिस्टर आल्या. सिस्टर म्हणजे रिटायर झालेल्या नर्स. शहराच्या टोकाला एका जुन्या गोदामात त्या टाकून दिलेल्या जनावरांचा निवारा चालवायच्या. कुत्र्या-मांजरांना घरं मिळावीत म्हणून त्यांनी स्वतःच फोटो काढले होते आणि त्यांच्या मोठ्या कॉप्या हव्या होत्या. हलूनकाने फोटो बघितले. पुढे गज, मागे बादली, मध्ये लाल डोळ्यांचं जनावर. तो म्हणाला, "सिस्टर, हे बघून यांना कोणी घरी नेणार नाही. पोलिसांत पकडून देतील."

दुसऱ्या दिवशी दुपारीच शटर ओढून तो निवाऱ्यात गेला आणि मग जातच राहिला. माणसांचे फोटो तो उभ्याउभ्या, घड्याळ बघत काढायचा. पण कुत्र्यांसाठी तासन् तास फरशीवर लोळायचा. कॅमेरा आधी त्यांना हुंगायला द्यायचा. दिवा कधी त्यांच्यावर मारायचा नाही, भिंतीवर मारायचा आणि भिंतीवरून परत आलेल्या मऊ उजेडात त्यांना बसवायचा. फोटो बघून लोक यायला लागले. दोन वर्षांत दीडशेच्या वर जनावरं घरोघरी गेली. माझ्याकडे येऊन सांगायचा, आज त्या लंगडीला घर मिळालं, आज तो काणा गेला. लेकीबाळी सासरी धाडल्यासारखं तोंड व्हायचं त्याचं.

मग तो मातकट रंगाचा कुत्रा आला.

त्याचे मालक काटेवाले. दुकानांतले वजनकाटे दुरुस्त करायचे, म्हणून काटेवाले. मी त्यांना दुरून ओळखत होतो. काट्यात केसाएवढी चूक खपवायचे नाहीत आणि माणसातही नाही. बोलणं मोजूनमापून. बायको वारल्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटेच राहायचे, ते आणि हा कुत्रा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका सकाळी ते खुर्चीत बसल्या जागी गेले. शेजाऱ्यांना कळायला दोन दिवस लागले, कारण कुत्रा भुंकलाच नाही. दार तोडून आत गेले तेव्हा तो त्यांच्या पावलांवर हनुवटी ठेवून बसला होता. कोणाला जवळ येऊ देईना. शेवटी गाडी बोलावली, जाळं टाकलं आणि त्याला निवाऱ्यात आणून सोडलं.

तिथे तो भिंतीकडे तोंड करून बसला. पाण्याचे दोन घोट सोडले तर तोंडात काही घेईना. सिस्टरनी दूध ठेवलं, बिस्किटं कुस्करून ठेवली, हातावर घेऊन भरवायला गेल्या. मान फिरवायचा. गुरगुरला मात्र एकदाही नाही. नुसती मान फिरवायचा.

आणि त्याचं नाव कोणाला माहीत नव्हतं. सिस्टरनी शेजाऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, काटेवाले चार माणसांत कधी बसले नाहीत, कुत्र्याचं नाव आम्हाला काय ठाऊक. नाव ठाऊक असलेला माणूस एकच होता.

अकरा दिवस असे गेले. जनावरांचे डॉक्टर आले, तपासलं, म्हणाले, रोग काही नाही, पण असंच चाललं तर आतून सगळं बंद पडेल. शनिवारी सकाळी येतो, तोवर काही फरक पडला नाही तर सुई देऊ, हाल तरी थांबतील. सिस्टर म्हणाल्या, कोणी घरी नेलं तर? डॉक्टर म्हणाले, घर मिळालं तर कदाचित. पण नेणार कोण? ज्याच्या फोटोत नुसती पाठ आणि शेपटी दिसते, असला कुत्रा कोण नेतो?

हलूनकाने त्याआधीच तीन दुपारी घालवल्या होत्या. किल्ल्या वाजवल्या, कागद चुरगाळला, चेंडू टाकला. पाठ. पाठ. पाठ. मग त्याच्या लक्षात आलं, दिवसा तिथे फार गलका असतो, लोक येतात, चाळीस कुत्री एकदम ओरडतात. म्हणून त्याने रात्री जायचं ठरवलं.

सोळा नोव्हेंबर, गुरुवार. तारीख मला पक्की आठवते, कारण त्या संध्याकाळी त्याने माझ्याकडून पांढरी चादर मागून नेली. पिंजऱ्याच्या बाजूला टांगून तिच्यावर दिवा मारायचा होता. मी म्हटलं, मीही येतो सोबत. तो म्हणाला, "नको. दोन माणसं म्हणजे त्याला एक जास्त होईल." साडेआठला स्कूटरवर चादर बांधून गेला.

आता जागा नीट लक्षात घ्या. पुढे सिस्टरची खोली. मागे एक लांबलचक पत्र्याची शेड. दोन्ही बाजूंना पिंजरे आणि मधून चिंचोळी वाट. शेडला दार एकच. हा कुत्रा डाव्या हाताला, अगदी शेवटच्या पिंजऱ्यात. हलूनका आत गेला आणि मध्येच कोणी येऊ नये म्हणून त्याने दाराला आतून कडी घातली. कुत्री थोडा वेळ भुंकली, मग ओळखीचा माणूस बघून निवली. त्याने चादर टांगली, दिवा लावला, पिंजऱ्याचं दार उघडं टाकलं. दार उघडं असलं तरी तो जाणार कुठे होता! आणि हा वाटेवर पालथा पडला. कोपरं जमिनीला, डोळा कॅमेऱ्याला. पाच फुटांवर ती पाठ.

तो वाट बघत राहिला. वाट बघण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. अर्ध्या तासाने हळूच नावं घ्यायला लागला. मोती. राजा. टिपू. शेरू. जितक्या कुत्र्यांची नावं ठाऊक होती तितकी घेतली. मग माणसांची घेतली. मधे बराच वेळ थांबायचा, मग पुढचं. कान हललासुद्धा नाही. शेवटी थकून तो त्या पाठीला म्हणाला, बाबा रे, तुझं नाव एकच माणूस जाणत होता, तो ते घेऊन गेला. आता मी काय करू?

त्याने मनगटावरचं घड्याळ बघितलं. नऊ पन्नास.

आणि शेडमधली कुत्री गप्प झाली.

म्हणजे आधी भुंकत होती असं नाही. पण कुत्री झोपली तरी आवाज असतो. कूस बदलतात, अंग खाजवतात, स्वप्नात कण्हतात. चाळीस कुत्र्यांचा तो बारीकसारीक आवाज... थांबला. सगळा. एकदम.

हलूनकाला वास आला. यंत्राला घालतात त्या तेलाचा. मंद.

मग मागे कोणीतरी खाकरलं.

म्हाताऱ्या माणसाचं खाकरणं. घसा साफ करून बोलायला लागतात तसं. चार-पाच पावलांवर.

त्याला वाटलं, सिस्टरनी कोणाला तरी पाठवलं. हात मागे करून खूण करणार, थांबा म्हणून... आणि त्याला कडी आठवली. कडी त्याने स्वतः घातली होती. आतून.

समोर कुत्र्याचा एक कान मागे वळला.

फक्त कान.

हलूनका मला म्हणाला, मान वळवावी असं वाटलं रे. खरंच वाटलं. पण कुत्र्याचं डोकं वर येत होतं. अकरा दिवसांत पहिल्यांदा. मी वळलो असतो तर तो क्षण गेला असता. आणि त्याच्याकडे दुसरा क्षण नव्हता. परवा शनिवार होता.

तीस वर्षं दुसऱ्यांना हलू नका म्हणणारा माणूस. तो हलला नाही.

मागून आवाज आला. हळू. रोजच्यासारखा.

"ठकू..."

कुत्रा वळला.

"जेवलीस का?"

हलूनकाचं बोट दाबलं गेलं. पुन्हा. पुन्हा. कुत्रा उठून बसला. पाय थरथरत होते. पण बसला. कान उभे. मान कललेली. डोळे असे, की... तो म्हणायचा, तीस वर्षांत माणसाच्या चेहऱ्यावरसुद्धा मला ते मिळालं नव्हतं.

पण कुत्रा त्याच्याकडे बघत नव्हता. त्याच्या डोक्यावरून बघत होता. उभ्या माणसाच्या तोंडाकडे बघतात तसा.

मग ती नजर खाली यायला लागली.

हळूहळू. कोणी गुडघ्यावर हात टेकत, कण्हत, खाली बसावं तशी.

खाली... आणखी खाली.

आणि त्याच्या उजव्या खांद्यापाशी येऊन थांबली. अगदी शेजारी.

तो श्वास ऐकत होता. एक कुत्र्याचा. एक स्वतःचा.

आणि एक...

...

तो किती वेळ तसा होता, त्याला सांगता आलं नाही. बोट तेवढं आपल्या सवयीने चालू होतं. मग कुत्र्याने डोळे मिटले, उघडले, उठून ताटलीपाशी गेला आणि खायला लागला. जिभेचा लपलप आवाज. त्या आवाजासरशी पलीकडच्या पिंजऱ्यात कोणी अंग झाडलं, कोणी जांभई दिली. शेड पुन्हा पहिल्यासारखी झाली. तेव्हा हलूनका वळला.

कोणी नाही. लांब वाट, टोकाला दार, दाराला कडी.

भीती त्याला तेव्हा वाटली. लेन्सचं झाकण बसवायला गेला तर ते तीनदा खाली पडलं. दार उघडून सिस्टरना हाक मारली. त्या पुढच्या खोलीत दाराकडे तोंड करूनच औषधांच्या बाटल्या भरत बसल्या होत्या. कोणी आलं नव्हतं, कोणी गेलं नव्हतं. त्या आत आल्या, कुत्र्याला खाताना बघितलं आणि मट्‌कन खाली बसल्या. काय केलंत, काय केलंत, एवढंच विचारत राहिल्या.

हलूनका म्हणाला, याचं नाव ठकू आहे. मग जरा थांबून म्हणाला, "सिस्टर, हा कुत्राच आहे ना? कुत्री नाही ना?"

चाळीस वर्षं नर्स होत्या त्या. त्यांनी याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

हसा, हसा. पण त्याचा प्रश्न बरोबर होता. जेवलास का, असं नव्हतं ऐकलं त्याने. जेवलीस का, असं ऐकलं होतं.

त्याच रात्री सिस्टरनी त्यातला एक फोटो फोनवरून सगळीकडे पाठवला. खाली चार ओळी लिहिल्या. काटे दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांचा हा कुत्रा, मालक वारले, शनिवारच्या आत घर हवं आहे. नाव ठकू.

शुक्रवारी संध्याकाळी मी चादर आणायला निवाऱ्यात गेलो होतो, म्हणून पुढचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. दिवेलागणीला एक बाई आली. पस्तिशीची असेल. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच लोंबत होतं, काढायचंही सुचलं नव्हतं. आठ तासांचा प्रवास करून थेट आली होती. सिस्टरनी खुर्ची दिली, पाणी दिलं. बसली नाही. पाण्याला हात लावला नाही. फोनवरचा तो फोटो पुढे धरला आणि विचारलं,

"हे नाव तुम्हाला कोणी सांगितलं?"

सिस्टरनी हलूनकाकडे बघितलं. हलूनकाने माझ्याकडे. मी चादरीची घडी घालत राहिलो.

ती काटेवाल्यांची मुलगी होती. एकुलती एक. वडील गेल्याचा निरोप मिळाला तेव्हा येऊन शेवटचं सगळं करून दोन दिवसांत परत गेली होती. स्वयंपाकघरात कुत्र्याची ताटली दिसली तेव्हा तिने शेजाऱ्यांना विचारलंही होतं. ते म्हणाले, गाडी घेऊन गेली. तिने पुढे काही विचारलं नाही. तिने त्या कुत्र्याला कधी पाहिलंच नव्हतं, कारण सहा वर्षं ती त्या घरात आली नव्हती. आज सकाळी शेजाऱ्यांनीच हा फोटो तिला पाठवला, तुझ्या बाबांचा कुत्रा म्हणून.

हलूनकाने कसंबसं सांगितलं. रात्र, शेड, कडी. मागून आलेला आवाज. सांगताना तो जमिनीकडेच बघत होता. आपण वेडे ठरणार असं त्याला वाटत असणार.

ती म्हणाली, शब्द सांगा. नेमके शब्द.

"ठकू, जेवलीस का... असं. मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं. तो कुत्रा आहे ना."

तिने फोन खाली केला. मग म्हणाली,

"ठकू मी आहे."

मग तिने सांगितलं, तुटक तुटक. लहानपणी ती लाकडी बाहुलीसारखी, ठकीसारखी, दिसायची म्हणून वडील ठकू म्हणायचे. घरात फक्त तेच म्हणायचे. रोज रात्री उशिरा कामावरून यायचे आणि चपला काढायच्या आधी दारातूनच विचारायचे, ठकू, जेवलीस का? त्यांच्या बोलण्यातला मायेचा शब्द तेवढाच.

आई गेली तेव्हा आठ दिवसांत त्यांनी आईच्या सगळ्या वस्तू देऊन टाकल्या. कपडे, चष्मा, शिलाईचं मशीनसुद्धा. त्यांना त्या बघवत नसतील, हे तिला आता कळतं. तेव्हा कळलं नाही. ती म्हणाली, उद्या मलाही असंच कोणाला तरी देऊन टाकाल. आणि बॅग भरून निघाली. त्यांनी अडवलं नाही. दारात उभे राहिले फक्त. तिला वाटलं, ते फोन करतील. त्यांना वाटलं असेल, ती करेल. सहा वर्षं गेली.

"मी परत निघाले त्या दिवशी शेजारच्या काकू मला म्हणाल्या, तुम्ही दोघं बोलायचात ते एक बरं होतं बाई. रोज रात्री भिंतीतून आवाज यायचा, तुझ्याशी फोनवर बोलायचे ना. जेवण झालं का विचारायचे." तिने गळ्यातलं ओळखपत्र मुठीत धरलं. "मला वाटलं, काकू टोमणा मारतायत. सहा वर्षांत आमचा एकही फोन झाला नव्हता."

सिस्टरनी तोंड फिरवलं. हलूनका डोळे पुसत होता. मी ती चादर चार वेळा घडी घालून चार वेळा उलगडली असेल.

मग ती अगदी हळू म्हणाली, इतकं हळू की ती आम्हाला विचारतेय की स्वतःला, ते कळेना.

"त्याच्याकडे आले. माझ्याकडे का नाही आले?"

सिस्टर उठल्या आणि तिचा हात धरून तिला मागे शेडमध्ये घेऊन गेल्या. आम्ही दोघं दारातच थांबलो.

कुत्रा पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसला होता. रात्री खाल्लं होतं तेवढंच. सिस्टर म्हणाल्या, हाक मारा त्याला.

ती म्हणाली, "स्वतःलाच?"

"तुमचे बाबा मारायचे तशी."

ती पिंजऱ्यासमोर जमिनीवर बसली. दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. आपल्याच लाडक्या नावाने दुसऱ्याला हाक मारणं कठीण असेल, नाही? त्यातून ते नाव घेणारा माणूस गेलेला. तिसऱ्यांदा आवाज निघाला. घोगरा, म्हाताऱ्या माणसासारखा.

"ठकू... जेवलीस का?"

कुत्रा वळला. तिच्याकडे बघत राहिला. मग उठून आला आणि तिच्या ओंजळीत नाक घालून उभा राहिला. ती त्याच्या मानेत तोंड खुपसून रडली, आणि रडता रडता एकच म्हणत होती, जेवले बाबा. जेवले.

शनिवारी सकाळी डॉक्टर आले तेव्हा पिंजरा धुऊन वाळत होता.

कुत्रा पुढे चौदा महिने जगला तिच्याकडे. चांगला जगला. तिच्या ऑफिसमधून यायच्या वेळेला दारात बसायचा म्हणे. तो गेल्यावर तिने हलूनकाला फोन केला. भिंतीवर लावायला एक मोठा फोटो हवा होता, त्या रात्रीचा. हलूनकाने त्या रात्रीचे फोटो सिस्टरना एक देऊन बाकीचे तसेच ठेवून दिले होते. पुन्हा बघायला मन घेत नव्हतं. आता बघितले आणि शेवटून दुसरा निवडला, कुत्रा डोळे मिटून शांत बसलेला. मोठा छापला आणि फ्रेमसाठी माझ्याकडे आणला.

काच बसवायच्या आधी मी फोटो दिव्याखाली धरून भिंगातून तपासतो. धुळीचा कण आत राहिला तर जन्मभर दिसत राहतो. तुम्हाला वाटेल, कुत्र्याच्या डोळ्यांत कोणी दिसलं असेल. डोळे तर मिटलेले. आणि ज्यात ते उघडे आहेत ते फोटोही मी नंतर मागून घेऊन बघितले. त्यांत दिवा दिसतो, माझी चादर दिसते, पालथा पडलेला हलूनका दिसतो. बाकी कोणी नाही.

मी भिंग फोटोतल्या कुत्र्याच्या कपाळावर नेलं आणि माझा हात तिथेच थांबला. हलूनकाला बोलावलं. त्याने बघितलं, शेजारी आपल्या स्टुडिओत गेला आणि त्याच्या आधीचा नि नंतरचा फोटो घेऊन आला. दोन्हींत कपाळावरचे केस नेहमीसारखे, विस्कटलेले, उभे. मधल्या एकातच ते तसे होते. पिंजऱ्यात वारा नव्हता. पाच फुटांच्या आत हात नव्हता.

तिला आम्ही काही सांगितलं नाही. फ्रेम दिली आणि ती घेऊन गेली. आता तिने कधी नीट बघितलं असेल की नाही, ठाऊक नाही.

दोन्ही कानांच्या मध्ये, कपाळापासून मागे, केस चपटे दबलेले होते. चार पट्टे, शेजारी शेजारी, बोटाएवढे रुंद. आणि पाचवा, जरा आडवा, कानामागे... अंगठा टेकतो तिथे.